पंप-प्रोब प्रयोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न, ठाणे-नवी मुंबईच्या हवेसकट

रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्रात एमएस्सी करताना प्रकल्पासाठी पहिल्यांदाच फेम्टोसेकंद लेझरच्या खोलीत शिरणाऱ्यांसाठी हे पान आहे. सूत्रांची मांडणी कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळते. इथे भर आहे तो टेबलावर प्रत्यक्ष काय करायचे आणि काय बिघडते यावर.

रेणूंची हालचाल बघायला फेम्टोसेकंदच का लागतो?

कारण रेणूंचे घड्याळच तेवढे जलद चालते. ऑक्सिजन-हायड्रोजन बंध एकदा ताणला जाऊन परत जागेवर यायला सुमारे १० फेम्टोसेकंद घेतो, कार्बोनिल गट सुमारे २०, आणि आयोडीनसारखा जड रेणू सुमारे १५६. डोळ्यातल्या रोडॉप्सिनमधला रेटिनल प्रकाश पडल्यावर साधारण २०० फेम्टोसेकंदांत वळतो. सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम ०.३ मायक्रॉन पुढे जातो.

मग डिटेक्टर किती वेगवान लागतो?

वेगवान अजिबात लागत नाही, आणि नव्या विद्यार्थ्याचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. पंप-प्रोबमध्ये वेळ घड्याळाने मोजत नाहीत, अंतराने मोजतात. एकाच लेझर पल्सचे दोन भाग करायचे. एक भाग, म्हणजे पंप, रेणूला उत्तेजित करतो. दुसरा, प्रोब, थोडा लांबचा रस्ता धरून मागून येतो आणि त्या क्षणी रेणू किती प्रकाश शोषतो ते सांगतो. रस्ता किती लांब, त्यावरून उशीर किती ते ठरते. डिटेक्टरला फक्त प्रत्येक पल्समधला एकूण प्रकाश मोजायचा असतो. किलोहर्ट्झ लेझरवर, म्हणजे सेकंदाला हजार पल्स देणाऱ्यावर, त्यासाठी त्याच्या हातात पूर्ण मिलिसेकंद असतो.

डिले स्टेजवरचा, म्हणजे प्रोबचा रस्ता कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या पट्टीवरचा, आरसा प्रकाशाला आला तसा परत पाठवतो, म्हणून आरसा जेवढा सरकतो त्याच्या दुप्पट रस्ता वाढतो. हे आकडे पाठच करावेत: ०.१५ मायक्रॉन म्हणजे १ फेम्टोसेकंद, ०.१५ मिलिमीटर म्हणजे १ पिकोसेकंद, १५ सेंटिमीटर म्हणजे १ नॅनोसेकंद. ३० सेंटिमीटरची स्टेज असेल तर २ नॅनोसेकंदांपलीकडचे तुम्हाला काही दिसणार नाही, लेझर कितीही भारी असो.

टेबलावर काय काय असते?

बहुतेक ठिकाणी टायटेनियम-सफायर लेझर असतो. त्यातला ऑसिलेटर सेकंदाला सुमारे ८ कोटी पल्स देतो, पण प्रत्येकीत ऊर्जा नॅनोज्यूलमध्ये. अ‍ॅम्प्लिफायर त्यातल्या हजारेक निवडून एकेकीला मिलिज्यूलच्या घरात नेतो. तशीच पल्स थेट वाढवली तर स्फटिक जळेल. म्हणून आधी तिला वेळेत पसरवतात, मग वाढवतात, शेवटी पुन्हा आवळतात. संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर सगळी गर्दी एकदम न सोडता रांगेने सोडावी, तसाच प्रकार. ही युक्ती १९८५ ची. त्यासाठी डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांना २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. रसायनशास्त्रात या तंत्राचा पाया घालणारे अहमद झवेल यांना नोबेल मिळाले १९९९ मध्ये.

अ‍ॅम्प्लिफायरमधून ८०० नॅनोमीटरचा प्रकाश निघतो. पंपासाठी तो बीबीओ (बेरियम बोरेट) स्फटिकातून नेऊन ४०० करतात, किंवा पॅरामेट्रिक अ‍ॅम्प्लिफायर वापरून हवी ती तरंगलांबी काढतात. प्रोबसाठी ८०० चा अगदी थोडा भाग, सुमारे १ मायक्रोज्यूल, २-३ मिलिमीटर जाडीच्या सफायरच्या चकतीत केंद्रित करतात. पलीकडून पांढरा प्रकाश येतो, साधारण ४५० नॅनोमीटरपासून पुढचा. अतिनील बाजूला आणखी खाली जायचे असेल तर कॅल्शियम फ्लोराइड घ्यावे लागते, पण ते एका जागी ठेवले तर काही मिनिटांतच खराब होते. ते सतत हलते ठेवावे लागते.

पांढरा प्रकाश लुकलुकतो. काय चुकते?

बहुधा ऊर्जा जास्त झाली आहे. आयरिस (किरणाच्या वाटेतले लहान-मोठे करता येणारे छिद्र) बारीक करा, फिल्टरने ऊर्जा जवळजवळ शून्यावर आणा आणि हळूहळू वाढवा. पांढऱ्या कागदावर एकच गोल, मधे पांढरा आणि कडेला रंगीत कडी असलेला ठिपका आला की थांबा. आणखी वाढवली तर एकाचे दोन-तीन तंतू होतात आणि ते आपसात भांडू लागतात. ठिपका चांगला असूनही आवाज (नॉइज, म्हणजे मोजमापातला चढउतार) जास्त असेल तर चकती एखादा मिलिमीटर बाजूला सरकवा, कारण त्या जागी जळल्याचा डाग असू शकतो. उरलेला ८०० चा प्रकाश नमुन्याच्या आधीच फिल्टरने अडवा.

पल्स जितकी लहान तितकी चांगली ना?

नाही. पल्स लहान झाली की तिचा वर्णपट रुंदावतो, हा निसर्गाचाच सौदा आहे. ८०० नॅनोमीटरला १०० फेम्टोसेकंदांच्या पल्सला किमान ९ नॅनोमीटर रुंदी लागते, ३५ ला सुमारे २७. दोन जवळजवळच्या अवस्थांपैकी एकच उत्तेजित करायची असेल तर ३५ ची पल्स तुमच्या विरोधात जाते.

दुसरी अडचण काचेची. १० मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या बीके-७ काचेतून गेल्यावर १०० फेम्टोसेकंदांची पल्स जवळपास तशीच राहते, ३५ ची मात्र ५० होते. लहान पल्स वापरायची तर भिंगांऐवजी वक्र आरसे, पातळ स्फटिक आणि पातळ क्युव्हेट (द्रावण भरायची काचेची कुपी) हे सगळेच आले. द्रावणातल्या बहुतेक एमएस्सी प्रकल्पांना १०० फेम्टोसेकंद भरपूर होतात. उगीच लहान पल्सच्या मागे लागून महिना घालवू नये.

टाइम झिरो सापडत नाही. कुठून सुरुवात करावी?

टाइम झिरो म्हणजे पंप आणि प्रोब नमुन्यात नेमके एकाच वेळी पोचतात ती स्टेजची जागा. ती सापडण्याआधी मोजलेल्या कशालाच अर्थ नसतो. घाईने सगळी स्टेज ५० फेम्टोसेकंदांच्या पावलांनी चाळत बसणे हा सर्वात वाईट मार्ग.

आधी दोरा आणि टेप. लेझरचे दोन भाग जिथे होतात तिथपासून नमुन्यापर्यंत दोन्ही रस्ते आरशा-आरशाने मोजा आणि कागदावर लिहा. १ सेंटिमीटरची चूक म्हणजे ३३ पिकोसेकंद, तेव्हा इथे काळजी घेतली तर पुढचे दोन दिवस वाचतात. जाड काच वाटेत असेल तर ती प्रकाशाला उशीर लावते, तोही धरा. मग नमुन्याच्या जागी वेगवान फोटोडायोड ठेवून ऑसिलोस्कोपवर दोन्ही पल्स एकेक करून पाहा. १ गिगाहर्ट्झच्या स्कोपवर काही सेंटिमीटरपर्यंत जुळवता येते.

आता नमुना असा घ्या की ज्याचा सिग्नल मोठा आहे आणि लवकर मरत नाही. पाण्यातले रुथेनियम ट्रिस-बायपिरिडीन यासाठी उत्तम. ४०० नॅनोमीटरला शोषते, ४५० च्या आसपास ठळक ब्लीच (शोषणातली घट) देते, आणि उत्तेजित अवस्था शेकडो नॅनोसेकंद टिकते. सिग्नल टिकत असल्यामुळे शोध सोपा होतो: स्टेज मधोमध ठेवा. सिग्नल असेल तर प्रोब उशिरा येतो आहे, नसेल तर आधी. मग उरलेल्या अर्ध्या भागाच्या मधोमध जा. ३० सेंटिमीटरच्या स्टेजवर अशा दहा-बारा उड्यांत तुम्ही पिकोसेकंदाच्या आत येता. शेवटचा बारीक भाग १० ते २० फेम्टोसेकंदांच्या पावलांनी.

दोन्ही टोकांना सिग्नल नसेल तर बहुधा वेळ चुकलेली नाही, पंप आणि प्रोब नमुन्यात एकमेकांवर पडतच नाहीत. १०० मायक्रॉनचे पिनहोल नमुन्याच्या जागी लावून दोन्ही त्यातून जातात का ते बघा. पंपाचा ठिपका प्रोबच्या ठिपक्यापेक्षा दुप्पट तरी मोठा ठेवा, म्हणजे स्टेज सरकताना प्रोब थोडा हलला तरी पंपाच्या बाहेर जाणार नाही.

स्टेज पुढे नेली की सिग्नल हळूहळू कमी होतो. हा खरा क्षय आहे का?

आधी स्टेजवर संशय घ्या. प्रकाशकिरण स्टेजच्या सरकण्याला अचूक समांतर नसेल तर लांब उशिराला ठिपका नमुन्यावरून घसरतो आणि नॅनोसेकंदाचा सुरेख, पण खोटा क्षय मिळतो. वरचेच रुथेनियम संयुग लावून पाहा. २ नॅनोसेकंदांत त्याचा सिग्नल सपाट राहायलाच हवा. तो उतरत असेल तर अलाइनमेंट पुन्हा करा. दर आठवड्याला ही चाचणी घ्यावी.

नमुना कसा करावा?

१ मिलिमीटर जाडीच्या क्युव्हेटमध्ये पंपाच्या तरंगलांबीला शोषणांक (ओडी) ०.३ ते ०.५. शोषण गुणांक ३०,००० (लिटर प्रति मोल प्रति सेंटिमीटर) असलेल्या रंगासाठी हे साधारण लिटरला ०.१३ मिलिमोल पडते. इतक्या दाट द्रावणात काही रंगांचे रेणू गठ्ठे करतात, म्हणून दाट आणि पातळ द्रावणाचे शोषण वर्णपट एकमेकांवर ठेवून आकार बदलला का ते पाहा. द्रावण ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. तरंगता एक धूलिकण संपूर्ण स्कॅनमध्ये काटे उभे करतो.

द्रावण फिरते ठेवा. ठिपका २०० मायक्रॉनचा आणि लेझर किलोहर्ट्झचा असेल तर प्रत्येक पल्सला नवे द्रावण मिळण्यासाठी सेकंदाला २० सेंटिमीटर वेग लागतो. तेवढा न जमल्यास निदान चुंबकीय काडीने ढवळा. प्रयोगाआधी आणि नंतर साधा शोषण वर्णपट घ्या. ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला असेल तर तो डेटा मोडीत काढा, वाईट वाटले तरी.

पंपाची ऊर्जा किती ठेवावी?

सिग्नल छोटा दिसला की ऊर्जा वाढवायचा मोह होतो. हिशोब करा. ४०० नॅनोमीटरच्या ०.१ मायक्रोज्यूलमध्ये सुमारे २० हजार कोटी फोटॉन असतात. ते २०० मायक्रॉन व्यासाच्या ठिपक्यावर पडले आणि शोषण गुणांक ३०,००० असला तर द्रावणाच्या पुढच्या थरातले सुमारे ७ टक्के रेणू उत्तेजित होतात. एवढे पुरे. १० टक्क्यांच्या वर गेलात की एकाच रेणूने दोन फोटॉन घेणे आणि उत्तेजित रेणूंनी एकमेकांना मारणे सुरू होते. अशा वेळी मिळणारा क्षयाचा वेग रेणूचा नसून तुमच्या हावरटपणाचा असतो.

पडताळा सोपा आहे: ऊर्जा निम्मी करा. सिग्नल निम्मा झाला आणि आकार तोच राहिला तर ठीक. पाण्यात आणखी एक खूण आहे. जास्त ऊर्जेला द्रावकाचेच आयनीभवन होऊन जलयुक्त इलेक्ट्रॉन तयार होतो आणि ७२० नॅनोमीटरभोवती रुंद शोषण दिसते. नुसत्या पाण्यात तो पट्टा दिसला तर ऊर्जा जास्त आहे.

आलेखातले ऋण आणि धन पट्टे कसे वाचायचे?

चॉपर, म्हणजे खाचा असलेली फिरती चकती, दर दुसरी पंप पल्स अडवतो. पंप असताना आणि नसताना आलेल्या प्रोबच्या गुणोत्तराचा लॉग घेतला की शोषणातला बदल मिळतो. मूळ अवस्थेतले रेणू कमी झाले म्हणून तिथे ऋण, त्याला ब्लीच म्हणतात. प्रतिदीप्तीच्या (फ्लुओरेसन्सच्या) जागी ऋण म्हणजे प्रोबने उत्तेजित रेणूकडून जादा प्रकाश सोडवून घेतला. धन पट्टा म्हणजे उत्तेजित अवस्था स्वतः शोषते किंवा नवे काही तयार झाले.

फसवणूक होते ती हे पट्टे एकमेकांवर पडल्यावर. एक धन पट्टा मरतो, त्याखालचा ऋण दिसू लागतो, आणि कुणीतरी नवी अवस्था सापडली म्हणून जाहीर करते. आणखी एक नेहमीचा सापळा: जास्त ऊर्जेने उत्तेजित केलेला रेणू आधी गरम असतो. काही पिकोसेकंदांत तो द्रावकाला उष्णता देतो आणि पट्टा अरुंद होत निळ्या बाजूला सरकतो. तो वेगळा रेणू नाही, तोच रेणू थंड होतो आहे.

शून्याजवळ उंच-खोल काटे दिसतात. ते कशाचे?

बहुतेक वेळा द्रावकाचे आणि क्युव्हेटच्या काचेचे. दोन पल्स एकत्र असतात तेवढा वेळ पंप काचेचा अपवर्तनांक बदलतो आणि प्रोबचे रंग इकडेतिकडे होतात. शिवाय पांढऱ्या प्रकाशातला लाल भाग आधी आणि निळा नंतर येतो. सफायर आणि एखादे भिंग मिळून ४५० ते ७०० नॅनोमीटरमध्ये काहीशे फेम्टोसेकंदांचा फरक पडतो. म्हणून प्रत्येक रंगाचा टाइम झिरो वेगळा असतो.

इलाज एकच: त्याच क्युव्हेटमध्ये, त्याच ऊर्जेने, नुसत्या द्रावकाचा स्कॅन त्याच दिवशी. त्यातल्या काट्यांच्या जागांवरून प्रत्येक रंगाचा शून्य मिळतो आणि पल्सची प्रत्यक्ष रुंदीही कळते. हा स्कॅन टाळणारे पुढे सगळ्यात जास्त रडतात. पंपाच्या तरंगलांबीला सगळ्या उशिरांना सारखाच दिसणारा काटा मात्र विखुरलेल्या प्रकाशाचा असतो. शून्याआधीच्या स्कॅनची सरासरी वजा करून तो काढता येतो.

मॅजिक अँगल खरोखर लागतो का?

हो. पंप आणि प्रोबच्या ध्रुवीकरणात ५४.७ अंश ठेवा. नाहीतर रेणू द्रावणात फिरण्याचा वेळ क्षयात मिसळतो. ध्रुवीकरण फिरवणारी हाफ-वेव्ह प्लेट पंपाच्या वाटेत लावा, प्रोबच्या नको.

सरासरी किती काढायची?

प्रत्येक पल्सला १ टक्का चढउतार धरला तर एका जोडीत सुमारे ६ मिली-ओडी आवाज येतो. १००० जोड्यांत तो ०.२ वर उतरतो. किलोहर्ट्झवर याला २ सेकंद लागतात. एकाच जागी मिनिटभर थांबण्यापेक्षा पूर्ण स्कॅन भराभर दहा वेळा करा. मधे काही बिघडले तर एकच स्कॅन फेकावा लागतो.

पावसाळ्यात इथे सगळेच का बिघडते?

ऐरोली असो की बेलापूर, जून ते सप्टेंबर खाडीवरून येणारी हवा ओलीचिंब असते. खोली २७ अंशांवर आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर दवबिंदू २१ अंशांवर येतो. लेझर थंड ठेवणाऱ्या चिलरचे पाणी १८ वर लावले असेल तर नळ्यांना आणि स्फटिकाच्या धारकाला घाम फुटतो. थेंब ऑप्टिक्सवर पडला तर त्या दिवशीचे काम संपले, कधी कधी महिन्याचेही. खोली २३ अंश आणि ५० टक्क्यांवर आणली तर दवबिंदू १२ वर जातो आणि काळजी मिटते. यासाठी नुसता एसी पुरत नाही, वेगळा डीह्युमिडिफायर लागतो, आणि तो शनिवार-रविवारीही चालू हवा. बीबीओ थोडा ओलावा शोषतो, वापरात नसताना तो सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. जेल गुलाबी झाले की बदला. इन्फ्रारेड प्रोबने कार्बोनिल बघत असाल तर हवेतली वाफच त्या भागात शोषते, संपूर्ण रस्ता कोरड्या नायट्रोजनखाली ठेवावा लागतो.

तापमानही छळते. १ मीटर अ‍ॅल्युमिनियम १ अंशाने २३ मायक्रॉन वाढते. प्रकाशाला तेवढे अंतर कापायला ७७ फेम्टोसेकंद लागतात. दोन्ही वाटा सारख्याच वाढल्या तर फरक पडत नाही, पण तशा त्या वाढत नाहीत, आणि दुपारी टाइम झिरो सरकलेला सापडतो. एसीचा झोत टेबलावर थेट येऊ देऊ नका. किरणांच्या वाटेवर झाकण बसवा.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या अवजड ट्रकांची थरथर तळमजल्यावर, हवेच्या पायांवर तरंगणाऱ्या टेबलाला फारशी त्रास देत नाही. मात्र पायांचा कॉम्प्रेसर तेलविरहित हवा आणि तो शेजारच्या खोलीत असावा.

वीज जाण्याची तयारी ठेवा. लेझरबरोबर चिलरही यूपीएसवर हवा, नाहीतर लेझर चालू आणि पाणी बंद अशी वेळ येते. वीज परत आल्यावर ऑसिलेटरला मोडलॉक करायची, म्हणजे पल्स द्यायला लावायची, घाई नको. साधारण तासभर तापू द्या.

सुरक्षेचे नियम अति वाटतात. खरंच इतके लागतात?

८०० नॅनोमीटर डोळ्याला जेमतेम अंधुक लाल दिसते, म्हणून पापणी मिटत नाही. आणि १ मिलिज्यूल १०० फेम्टोसेकंदांत म्हणजे क्षणभर १० गिगावॅट. काचेच्या एका पृष्ठभागावरून परतणारे ४ टक्केही रेटिना जाळायला भरपूर. ८०० आणि ४०० दोन्हींसाठी योग्य ओडी असलेला चष्मा लावा. घड्याळ, अंगठी, बांगड्या, कडे काढून ठेवा आणि लांब मंगळसूत्र कपड्याच्या आत घ्या. खाली पडलेला स्क्रू उचलायला वाकताना डोळे टेबलाच्या पातळीला येतात, त्या वेळी ते मिटा किंवा तोंड दुसरीकडे करा.

आरशावर धूळ दिसली तर फुंकर मारू नका, थुंकीचे कण बसतात. हवेचा बल्ब, मग मिथेनॉल लावलेला लेन्स टिश्यू, एकाच दिशेने. ग्रेटिंगला, म्हणजे पल्स पसरवणाऱ्या-आवळणाऱ्या बारीक रेषांच्या प्लेटला, कधीही हात लावू नका. तिला पुसणे म्हणजे ती फेकणे.

फिटिंगमध्ये किती क्षयकाल घ्यावेत?

जेवढे कमी केले तर डेटा आणि फिट यांतला उरलेला फरक नुसता आवाज न राहता ठरावीक आकार दाखवतो, तेवढेच. पल्सच्या रुंदीपेक्षा लहान आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. स्टेजच्या मर्यादेपेक्षा मोठा आला तर त्याला संख्या देऊ नका, स्थिर म्हणा. एका तरंगलांबीवर नाही, संपूर्ण वर्णपटावर एकत्र फिट करा.

माझ्या रंगाचा आयुष्यकाल ४ नॅनोसेकंद आहे. हे सगळे लागेल?

रोडामाइन ६जी सारख्या रंगाला नाही. प्रतिदीप्ती चांगली असेल तर सिंगल फोटॉन काउंटिंगचे यंत्र स्वस्त, सोपे आणि नॅनोसेकंदांसाठी अधिक अचूक. रेणू चमकत नसेल, किंवा पहिल्या काही पिकोसेकंदांत काय होते हेच विचारायचे असेल, तेव्हा पंप-प्रोब.

अ‍ॅटोसेकंद लेझर आला, मग फेम्टोसेकंद जुना झाला का?

२०२३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल अ‍ॅटोसेकंद पल्ससाठी मिळाले. या पल्स इलेक्ट्रॉनांची हालचाल पकडतात. अणुकेंद्रके सरकायला फेम्टोसेकंदच लागतात, आणि बंध तुटणे-जुळणे ही त्यांचीच गोष्ट.

इथून जवळ कुठे शिकता येईल?

वाशीसमोर खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र, ठाण्याहून जवळ पवईची आयआयटी, आणि कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर), तिन्हीकडे अतिवेगवान लेझरवर काम चालते. टीआयएफआरचा विद्यार्थ्यांसाठीचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम (व्हीएसआरपी) आणि विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप या दोन वाटा विद्यार्थ्यांना खुल्या आहेत. भाभा केंद्रात प्रवेशाची परवानगी आधी काढावी लागते, ऐनवेळी काही होत नाही. नमुना घेऊन जाणार असाल तर सोबत त्याचा शोषण वर्णपट, प्रतिदीप्तीचा वर्णपट, किमान १० मिलिलिटर गाळलेले द्रावण, आणि त्याच बाटलीतला नुसता द्रावक न्या.